एका शब्दाला बाप किती

...नाही, पण मी काय म्हणते, एका शब्दाला बाप असावेत तरी किती? एक असला तर ठीक. दोन निघाले तर लोक कुजबुजतात. पण अख्खं गावच छाती पुढे काढून "मी बाप, मी बाप" करत उभं राहिलं तर माणसानं बघायचं तरी कोणाकडे? आणि शब्द तरी असा काय मोठा लागून गेला होता हो? डॅग. एवढुसा. तोंड उघडतंय तोवर संपतोसुद्धा. तुम्हाला सांगते, आमच्या वॉम्बरूकमध्ये त्या एवढुशा शब्दापायी तीन सभा झाल्या, दोन सख्खे शेजारी बोलेनासे झाले, आणि एका चांगल्या केकची पार... पण थांबा, केक मागाहून. आधी माझं दुखणं ऐका.

माझ्या नवऱ्याचं नाव रसेल. रसेल एडविन हॉकिंग. चांगलं आहे की नाही? सासूबाईंनी विचार करून ठेवलेलं, एडविन तर आजोबांवरून. आणि एवढं चांगलं नाव सासूबाई गेल्यापासून या पृथ्वीवर वापरतं कोण, तर फक्त मी आणि बँक. बाकी सगळ्यांसाठी तो डॅग. पोस्टमन म्हणतो डॅग, डॉक्टर म्हणतो डॅग, चर्चमधला पाद्री प्रार्थनेत नाव घेताना "आपला डॅग" म्हणाला होता, देवालाही कळलं पाहिजे ना कोणाबद्दल चाललंय ते! आणि मी? मी डॅगची बायको. बेचाळीस वर्षं. मला नोरील असं नाव आहे, हे मलाच अधूनमधून लिहून बघावं लागतं.

आता डॅग म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ज्यानं आयुष्यात एकदा तरी मेंढी मागून बघितली आहे त्याला माहीत आहे. शेपटीखाली लोकरीत लेंड्या अडकतात, वाळतात, त्यावर आणखी अडकतात, आणि मग त्यांचे घोसच्या घोस लोंबायला लागतात. ते डॅग. ते वेळेवर कातरले नाहीत तर माश्या बसतात, किडे पडतात, मेंढी हातची जाते. म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या मेंढ्यांचे वेळेवर कातरावेत, एवढाच या शब्दाचा विषय. संपला. पण नाही. कोणीतरी कधीतरी तो उचलून माणसाला लावला. गबाळा असेल, ध्यान असेल, चारचौघांत कसं दिसावं याची ज्याला काडीची फिकीर नाही, पण ज्याच्यावर धड रागावताही येत नाही, असा माणूस म्हणजे डॅग. म्हणजे बघा, शिवीही आहे आणि मुकाही आहे, आणि कोणत्या वेळी काय ते म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं.

आणि माझ्या नवऱ्याकडे बघाल तर... भर जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, थंडीनं दात वाजत असताना, अर्धी चड्डी. मोजे आणि वर सँडल. डोक्याला माझ्या नणंदेनं विणलेली टोपी, तिचा गोंडा एका धाग्यावर लोंबतोय तो लोंबतोच आहे. स्वेटरची कोपरं कसरीनं कधीच खाल्ली, छातीवर खिम्याच्या पाईचा सॉस, कुठल्या हंगामातला ते विचारू नका. हा अवतार दर शनिवारी फुटबॉलच्या मैदानावरच्या लाकडी खोपटात शिडीनं चढतो आणि गोल झाला की पत्र्याचे आकडे खिळ्याला अडकवतो. खेळणं सोडल्यापासून हेच. म्हणजे त्याला खेळवणं सोडल्यापासून. आठाचा पत्रा एका वादळात उडाला तो परत मिळाला नाही. तर हा काय करतो, आठ लावायची वेळ आली की दोन छोटी शून्यं एकावर एक टांगतो. बाहेरगावचे लोक डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, हे काय? आमचे लोक म्हणतात, आठ. म्हणतात, पण ही तर शून्यं. आमचे म्हणतात, शून्यं नाहीत, डॅग आहे. आणि एवढ्यावर समोरच्याला सगळं कळतं, ही खरी कमाल.

तर झालं असं की गावाला नवा गुणफलक मिळाला. दिव्यांचा. कुठल्याशा योजनेतून. फोनवर बटण दाबलं की आकडे बदलतात, म्हणजे चढायला नको, थंडीत कुडकुडायला नको, आणि डॅग नको. बटण कोण दाबणार, तर आमच्या क्लबच्या अध्यक्षाची, लिंडसेची सून, गाडीत हीटर लावून बसून. मग डॅगचं काय? तर लिंडसे माझ्या स्वयंपाकघरात आला, माझी बिस्किटं खाल्ली, आणि घसा साफ करून म्हणाला, "नोरील, आम्ही ठरवलंय, नव्या फलकाला त्याचं नाव द्यायचं." बघितलंत? माणसाचं काम काढून घ्यायचं असलं की त्याचं नाव कशाला तरी द्यायचं. म्हणजे तो आभार मानतो आणि गपचूप खाली उतरतो.

मी म्हटलं ठीक. त्याचा शनिवार नेताय ना, न्या. पण मग नाव तरी पुरतं द्या. रसेल हॉकिंग. आईबापानं ठेवलेलं. मोठ्या अक्षरांत.

लिंडसे बिस्किट हातात धरून बघतच राहिला. म्हणाला, "रसेल कोण?"

शाळेत एका बाकावर बसलेला माणूस हो हा! मी म्हटलं, "ज्याचं नाव तू देतोयस तो." तर म्हणतो, "अगं पण रसेल लिहिलं तर लोकांना कळणार कसं? लोक म्हणतील, डॅग एवढं राबला आणि नाव कुठल्या रसेलचं दिलं." आणि मला काय झोंबलं ते सांगते. त्याचं म्हणणं खरं होतं.

पण मी हटले नाही. आयुष्यभर त्या माणसाला लेंडी म्हणालात, आता दिव्यांच्या खाली तरी माणूस म्हणा, एवढंच माझं मागणं होतं. बरं, घरात मीही त्याला डॅगच म्हणते, नाही असं नाही. घरातलं वेगळं. घरात माणूस काय काय म्हणतो.

मग पहिली सभा. क्लबच्या खोलीत, तीच ती, भिजलेल्या बुटांचा वास येणारी. आता क्लबच्या कमिटीची सेक्रेटरी म्हणजे फिलिपा. मेलबर्नहून निवृत्त होऊन आली, जुनी बँकेची इमारत घेतली, तीन अल्पाका पाळलेत, त्यांना नावं आहेत आणि वाढदिवसही आहेत. बाई वाईट नाही. सेक्रेटरी व्हायला दुसरं कोणीच तयार नव्हतं म्हणून झाली, आणि झाल्यावर खरंच काम करायला लागली, तिथं सगळं बिघडलं. तर ती उठली आणि म्हणाली, "मला वाटतं सार्वजनिक फलकावर हा शब्द असू नये." मला वाटलं, देव पावला. मी खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकले. तर ती माझ्याकडे वळली, हळू आवाजात, दवाखान्यात बोलतात ना तसं, "नोरील, तुम्हाला कदाचित कल्पना नसेल या शब्दाचा मूळ अर्थ काय आहे."

मी म्हटलं, "बाई, मी बेचाळीस वर्षं त्याचे कपडे धुतेय. मला कल्पना आहे."

सगळे हसले. फिलिपा नाही हसली. तिनं शब्दकोश उघडला आणि वाचून दाखवलं. शेळ्यामेंढ्यांत जन्म गेलेल्या माणसांना मेंढीचं ढुंगण समजावून सांगत होती हो, मोठ्यानं, स्पष्ट उच्चारांत! वर म्हणाली, "हा माणसाचा अपमान आहे." आता मजा बघा. मलाही नेमकं तेच म्हणायचं होतं. पण ती म्हणाली आणि माझं डोकंच सटकलं. माझ्या नवऱ्याला मी लेंडी म्हणेन, नाही तर गोवऱ्यांचा ढीग म्हणेन, तू कोण? आणि तो कुठे होता म्हणाल, तर मागे, चहाच्या टेबलापाशी. लॅमिंग्टन, तो खोबऱ्यात घोळवलेला केक, खात होता. खोबऱ्याचा कीस स्वेटरभर.

एवढ्यात वेन उठला. वेन आमचा बेकरीवाला, न्यूझीलंडचा. तिथून आलेल्या माणसाला इथं पाण्याचा पेला दिला तरी तो म्हणतो, हे पाणी मूळचं आमचं. म्हणाला, "अपमान कसला? आमच्याकडे डॅग म्हणजे हसवून हसवून मारणारा. तिकडे आईला कोणी सांगितलं ना, तुमचा मुलगा डॅग आहे, तर ती खूष होते. शब्द आमचा आहे. तुम्ही इकडे आणलात आणि मळवलात." कोणीतरी मागून म्हटलं, "अरे, तो मळलेलाच होता." पण वेन थांबतोय कसला. म्हणे, त्यांच्याकडे घाई करायची असली तर म्हणतात, चल, लेंड्या वाजव! म्हणजे मेंढी पळायला लागली की ते वाळलेले घोस एकमेकांवर आपटून खडखड वाजतात, म्हणून. आणि त्यानं ते करूनही दाखवलं. अंगानं भरलेला माणूस, खुर्च्यांच्या रांगेतून ढुंगण हलवत पळाला, तोंडानं खडखड आवाज काढत. फिलिपा टिपणं घेत होती. मी बघितलं, तिनं "खडखड" लिहून घेतलं.

मग हेंक. हेंकचं हार्डवेअरचं दुकान, फलकाची पाटी रंगवायचं कामही त्याच्याकडेच. लहानपणी हॉलंडहून बोटीतून आला, साठ वर्षं इथं आहे, पण वाद घालायचा असला की अजून हॉलंडचा होतो. म्हणाला, "माफ करा, पण शब्द आमचा. आमच्याकडे डॅग म्हणजे दिवस. आणि भेटलं की नमस्कारही तोच." आणि म्हणून दाखवला, शेवटचा ग असा घशातून काढला की लिंडसेनं त्याच्यासमोर पाणी धरलं. आता नमस्काराचा आणि मेंढीच्या मागच्या बाजूचा काय संबंध? पण हेंकचा चेहरा एवढा गंभीर की कोणाची विचारायची छाती झाली नाही.

आणि मग माझी नणंद. यूना. वय अठ्ठ्याऐंशी, ऐकू येत नाही, पण बोलता येतं. ती म्हणाली, तुम्ही सगळे गाढव आहात. तिच्या लहानपणी डॅग म्हणजे पोरांच्या पैजा. जा, त्या बैलाला हात लावून ये, की झाला एक डॅग. टाकीच्या कडेवरून चालून दाखव, की झाला दुसरा. लेंड्यांचा काही संबंध नाही म्हणे. "आमच्या घरात तसले शब्द बोलत नसत," असं म्हणाली आणि सगळ्यांकडे असं बघितलं की लिंडसेनं मांडीवरचा पाय खाली घेतला.

म्हणजे बघा! कोणाची मेंढी, कोणाचा विनोद, कोणाचा नमस्कार, कोणाची पैज! एका शब्दाला बाप असावेत तरी किती?

इथं लिंडसेला अक्कल सुचली. त्याला ती वर्षातून एकदा सुचते आणि गावाला वर्षभर पुरते. म्हणाला, "शब्द कुठून आला ते जाऊ दे चुलीत. हे नाव *ह्याला* कोणी ठेवलं? ज्यानं ठेवलं त्यानं पुढच्या सभेत यावं आणि सांगावं, शिवी म्हणून ठेवलं की लाडानं. तो म्हणेल ते फायनल. शिवी असेल तर रसेल, लाड असेल तर डॅग." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मूर्खासारख्या. मला वाटलं, ज्यानं ठेवलं तो एव्हाना मेला असेल, नाही तर तोंड लपवून बसेल. कोण उठून म्हणेल हो, की या सज्जन माणसाला लेंडी मी केलं?

अहो, रांग लागली.

दुसऱ्या सभेला बसायला जागा नाही. लिंडसे स्वतःच पहिला. "मीच ठेवलं. आमच्या कातरणीच्या शेडमध्ये. हा उतरणीवरून घसरला आणि खाली डॅगच्या ढिगात, छातीपर्यंत. मी वरून म्हटलं, अरे, आता ओळखायचा कसा, सगळे डॅग सारखेच दिसतायत! तेव्हापासून." हेंक म्हणाला, खोटं. तो बोटीतून उतरून शाळेत आला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि सगळ्या वर्गात एकट्या रसेलनं त्याला शेजारी बसवून घेतलं. म्हणून हा रोज सकाळी त्याला पहिल्यांदा म्हणायचा, डॅग. बाकीची पोरं हसायची, आणि मग त्यालाच डॅग म्हणायला लागली. हे सांगताना हेंकचा आवाज जरा कापला.  मलाही गलबललं, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यात लिंडसे म्हणाला, "अरे पण तू आलास तेव्हा तो ढिगात पडून गेलेला होता." हेंक म्हणाला, "म्हणजे मी खोटारडा?" लिंडसे म्हणाला, "मी तसं कुठं म्हटलं, पण ढीग आधी." कुंपणाला कुंपण लागून राहणारी माणसं ही, बघा. त्या दिवसापासून बोलणं बंद. हेंकनं पाटी रंगवायला घेतली होती, आडनाव रंगवून झालं होतं, नुसतं "हॉकिंग", पुढचं नाव कोरं. तशीच नेऊन दुकानाच्या भिंतीला उलटी उभी करून ठेवली.

यूना म्हणाली, ते दोघं पाळण्यात होते तेव्हाच तिनं ठेवलंय. भाऊ सात वर्षांचा असताना टाकीच्या कडेवरून दोन फेऱ्या मारून आला, तिनं त्याला आधी थोबाडीत मारली आणि मग डॅग म्हटलं. मी म्हटलं, "ताई, ते दोघं त्याच्याच वयाचे आहेत, पाळण्यात कसे असतील?" तिला ऐकू आलं नाही. सोयीचं असतं ते.

आणि वेन! वेन इथं आला तेव्हा माझ्या डॅगचे केस पिकलेले होते. त्याचा काय हक्क? तर म्हणे, "माणसाला कोणीही ठेवू दे, शब्द तर आमच्याकडचा ना. म्हणजे नातं लागतंच." आणि येताना केक आणला होता, तो आमचा पांढरा, कुरकुरीत, वर क्रीम आणि किवी लावलेला. ठेवता ठेवता म्हणाला, "हाही मूळचा आमचाच." बास. यूनाला हे मात्र ऐकू आलं. ती काठी टेकत उठली, म्हणाली, "माझ्या आजीच्या वहीत आहे हा केक," आणि ताटली आपल्याकडे ओढली. वेननं तिकडून ओढली. केकची जात नाजूक. अर्धा फिलिपाच्या मांडीवर गेला, अर्धा टिपणांवर. डॅग उठला, चमचा घेऊन आला, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "फिलिपा, तुझं ते पान संपलं असेल तर..." आणि खाल्लान हो! कागदावरचा!

आता सांगा, असल्या माणसासाठी मी भांडत होते. रसेल एडविन म्हणे.

मला घरी जाताना रडू आलं. रागानं. गाडीत मी त्याला म्हटलं, "रसेल, तुला काहीच कसं वाटत नाही? तुझा शनिवार काढून घेतायत, आणि ही माणसं भांडतायत कशावरून, तर तुला लेंडी पहिल्यांदा कोण म्हणालं त्याचा मान कोणाला!" तो खिडकीची काच वरखाली करत बसला.

मग आला तो रविवार. दुसऱ्या दिवशी जुनं खोपटं पाडायचं होतं, म्हणून तो आपलं सामान आणायला निघाला. मी म्हटलं, मीही येते. शिडीवरून मी किती तरी वर्षांत चढले नव्हते, गुडघे असे कुरकुरले की वेनला खडखड कशी करायची ते शिकवता आलं असतं. आत काय असेल, वाटलं, मोडकी खुर्ची आणि धूळ. धूळ होतीच. पण भिंतीला खिळे ठोकून सगळे आकडे नीट अडकवलेले, पुसलेले, थर्मासला जागा, दुर्बिणीला जागा, आणि आठाच्या खिळ्याला ती दोन छोटी शून्यं एकाच सुतळीत ओवलेली. हा माणूस घरी एक मोजा जागेवर ठेवत नाही! आणि त्या फटीतून दिसतं काय, तर अख्खं मैदान, आणि पलीकडे रांगेत लावलेल्या गाड्या. तो म्हणाला, "ती बघ, आपली जागा." मी दर शनिवारी जिथं गाडी लावते, विणत बसते आणि गोल झाला की हॉर्न वाजवते, ती जागा बरोबर समोर. "तुझा हॉर्न मला वेगळा ऐकू येतो," म्हणाला. "बाकीच्यांचा नंतर वाजतो."

मी खाली बसले, खोक्यावर. म्हटलं, "खरं सांग. कोणी ठेवलं हे नाव? लिंडसेनं? हेंकनं? ज्यानं ठेवलं त्याला मी उद्या सभेत उभा करून विचारणार आहे, तुला लाज वाटली नाही का म्हणून."

तो आकडे पोत्यात भरत होता. हात न थांबवता म्हणाला, "तू."

"मी काय?"

"तू ठेवलंस."

आता एक सांगायचं राहिलं. आमची भेट कशी झाली ते मी गावाला हजार वेळा सांगितलंय. कातरणी संपल्यावरचा शेडमधला नाच, फळ्या लोकरीचं तेल लागून गुळगुळीत झालेल्या, माणूस नाचतो कमी आणि घसरतो जास्त. मी तेव्हा शेजारच्या गावची, चुलतबहिणीबरोबर आलेली. दारातून हा आला. वडिलांचा सूट, बाह्या बोटांपर्यंत, एक पँट गमबुटात खोचलेली आणि एक बाहेर, आणि मागे... तुम्हाला म्हणून सांगते, मागे बसायच्या जागी एक चांगला वाळलेला घोस चिकटलेला. सरळ मेंढ्यांतून उठून आला होता. आणि मी बहिणीच्या कानात काहीतरी म्हटलं, आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून पोट धरून हसलो. एवढं मी नेहमी सांगते. काय म्हटलं, ते मला आठवत नाही, म्हणून ते कधी सांगत नाही.

त्याला आठवत होतं. "तू म्हणालीस, बाई गं, हा कोण डॅग आला. मी तुझ्या मागेच होतो. दोन ग्लास सरबत घेऊन. एक तुझ्यासाठी होता."

मी म्हटलं, "मग तुला राग नाही आला?"

"राग कसला? तोपर्यंत कुठल्या मुलीनं माझ्याबद्दल काही म्हटलंच नव्हतं. चांगलं नाही आणि वाईट नाही." पोत्याचं तोंड बांधत म्हणाला, "दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, आजपासून मला डॅग म्हणायचं. लिंडसे म्हणाला, का? म्हटलं, आहे एक कारण."

म्हणजे लिंडसेचा ढीग, हेंकचा नमस्कार, यूनाची थोबाडीत, सगळं नंतर जुळवलेलं! खोटं नव्हे हो, त्यांना खरंच तसं आठवतंय. माणसाला जे मनापासून हवं असतं ते आठवतंच.

मी म्हटलं, "मग फलकावर रसेल नको तुला?" तर तो पहिल्यांदा जरा घाबरल्यासारखा दिसला. "नोरील," म्हणाला, "तू मला रसेल केव्हा म्हणतेस माहीत आहे का? फक्त रागावलीस की. परवा गाडीत म्हणालीस. आता ते दिव्यांखाली एवढं मोठं लिहिलं, तर दर शनिवारी मी मैदानात शिरलो की मला वाटणार, आज घरी काय केलंय मी?"

तिसरी सभा. सगळे बाप पहिल्या रांगेत. लिंडसे एका टोकाला, हेंक दुसऱ्या टोकाला, मध्ये यूना, वेन केकशिवाय. मी उठले. मला वाटलं होतं, दोन वाक्यांत उरकेन. पण पहिलंच वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. एवढे दिवस मी गावभर ज्याचा गळा धरायला फिरत होते तो गळा माझाच निघाला, हे उभं राहून सांगणं सोपं नसतं. सांगितलं. सूट सांगितला, गमबूट सांगितला, चिकटलेला घोस सांगितला. कोणी हसलं नाही. हेंकनं चष्मा काढून पुसला. लिंडसेनं त्याला रुमाल दिला, आणि त्यानं घेतला, म्हणजे ते एक मिटलं.

फिलिपानं पेन्सिल सरसावली. नियम म्हणजे नियम. "नोरील, नोंदीसाठी विचारते. शिवी म्हणून ठेवलंत, की लाडानं?"

मी मागे बघितलं. तो चहाच्या टेबलापाशी, गोंडा लोंबतोय, हातात लॅमिंग्टन, तोंड उघडं. घाबरला होता बिचारा. रसेल लागेल म्हणून.

मी म्हटलं, "शिवी म्हणूनच. लाड नंतर सुरू झाले."

फिलिपा म्हणाली, याला नियमात जागा नाही. लिंडसे म्हणाला, जागा नसली तर करू. आणि हेंकनं दुकानात जाऊन पाटी सुलटी केली.

आता फलक लागलाय. "डॅग हॉकिंग", मोठ्या अक्षरांत, खाली लाल दिवे. लिंडसेची सून हीटर लावून बटण दाबते, आणि आमचं ध्यान माझ्या गाडीत माझ्या शेजारी बसतं, हॉर्न वाजवायचा मान आता त्याचा. आठ आला की अजून म्हणतो, ह्यापेक्षा माझा बरा होता. आणि गावानं काय केलं असेल? गाव म्हणतं, नाव नोरीलनं ठेवलं, पण तिला सुचवलं आम्हीच. लिंडसे म्हणतो ढिगामुळे, हेंक म्हणतो नमस्कारामुळे, वेन म्हणतो शब्द तर शेवटी आमचाच. पुन्हा तेच! एका शब्दाला बाप असावेत तरी किती?

असू देत हो कितीही. मी आता मोजणं सोडलं. बापांचं काय, मिरवतात आणि आपापल्या घरी जातात. परवा सामन्यानंतर स्वेटर काढून त्यानं माझ्याकडे दिला, छातीवर नवा सॉस, आणि मी म्हटलं, जाऊ दे. शब्दाची आई मीच ठरले ना, धुणं माझ्याकडेच येणार.